बिनपेठ तालीम मंडळ

अण्णांना "बरं आहे" हे उत्तर चालत नसे. सकाळी गेटवर कुणी सहज विचारलं, "काय अण्णा, बरं हाय न्हवं?" की ते थांबायचे, चष्मा काढून पुसायचे आणि उलट विचारायचे, "बरं म्हंजे किती?" विचारणारा बिचारा हजेरीच्या घाईत. पण अण्णांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. कालच्यापेक्षा बरं, का परवाच्यापेक्षा? जगातल्या प्रत्येक गोष्टीला माप असतं आणि ते घ्यायचा ज्याला कंटाळा येतो तो 'बरं' म्हणतो, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या ह्या असल्या मतांमुळे कारखान्यातली निम्मी माणसं त्यांना बघून रस्ता बदलायची.

उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये ते इन्स्पेक्शनला होते. फौंड्रीतून कास्टिंगं यायची, लेथवर चढायची, घासूनपुसून तयार झाली की शेवटी अण्णांच्या टेबलावर. टेबलावर केसाएवढं माप घेणारं व्हर्निअर, दोन-चार गेज, एक भिंग आणि लाल रंगाचा डबा. माप चुकलं की लाल ठिपका, आणि ठिपक्याशेजारी चिठ्ठीवर कारण. कारणाशिवाय त्यांनी कधी एक जॉब, म्हणजे एक नग, मागे टाकला नाही. "कारण न लिवता रिजेक्ट केलं तर त्यो अपमान. कारण लिवून केलं तर ती मदत," हे वाक्य मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि पुढं इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

एकदा मालकांच्या मेव्हण्याच्या फौंड्रीतला अख्खा लॉट त्यांनी लाल केला. मालक स्वतः खाली आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "अण्णा, माझा मेव्हणा हाय वो त्यो." अण्णा म्हणाले, "मेव्हणा चांगलाच हाय, मालक. कास्टिंगला भोक हाय." आणि भिंग पुढं केलं. मालकांनी भिंगातून बघितलं, भिंग टेबलावर ठेवलं आणि वर गेले. लॉट परत गेला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी अण्णांना मनातल्या मनात सलाम ठोकला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचेच चार जॉब लाल केल्यावर मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

घरीही तेच. वहिनी म्हणायच्या, "मला बघायला आल्तं तवाच ह्यांच्या खिशात फूटपट्टी हाय का ते बघाय पायजे हुतं." भाकरी एका बाजूला जाड झाली की अण्णा ती उजेडात धरायचे म्हणे. बोलायचे काही नाहीत. नुसती धरायचे. "त्यापरास बोललेलं परवडलं," वहिनी म्हणायच्या.

मी शिरोळकडचा. स्टोअरला क्लार्क म्हणून लागलो. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "कुठल्या पेठंचा?" मी म्हटलं, शिरोळचा. ते म्हणाले, "म्हंजे कुठल्याच न्हाई. झ्याक." मला राग आला होता. ती माझी नोकरीतली पहिली बढती होती, हे फार नंतर कळलं.

आता हे पेठ प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. पेठेची तालीम, तालमीची टीम, आणि ज्या पेठेत जन्माला आलास तिच्यासाठी ओरडायचं, मरेपर्यंत. दुसऱ्या पेठेच्या खेळाडूनं कितीही देखणा गोल मारला तरी टाळी वाजवायची नाही. वाजवलीच तर घरी जाताना वाट बदलायची. पेठांची नावं मी मुद्दाम घेत नाही. मला अजून ह्याच गावात राहायचं आहे.

नव्वदनंतरची गोष्ट. मालकांचा भाचा अमेरिकेहून सुट्टीला आला होता. चहाच्या सुट्टीत शॉपमध्ये येऊन बसला आणि सांगायला लागला, की तिकडं बेसबॉल म्हणून खेळ आहे आणि त्याच्या ऑफिसातले लोक कागदावर टीम काढतात. वेगवेगळ्या क्लबांतले खेळाडू निवडायचे, ते आपापल्या मॅचमध्ये जे काय करतील त्याचे मार्क आपल्या कागदी टीमला मिळवायचे, वर्षाच्या शेवटी ज्याचे जास्त तो जिंकला. आमचा लेथवरचा बापू म्हणाला, "बेसबॉल म्हंजे विट्टीदांडूच की, जरा मोठा." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी भाच्याला धरून बसवलं आणि तीन तास पिडलं. कशाचे किती मार्क? चुकीचे वजा किती? कोण ठरवतं? भाचा पुन्हा शॉपमध्ये फिरकला नाही. पण आठवड्यानं कँटीनच्या भिंतीवर अण्णांची नियमावली लागली.

गोलला दहा. गोलचा पास दिला तर सहा. गोलकीपरनं बॉल अडवला तर चार. फाउलला वजा तीन. पंचाच्या अंगावर गेला तर वजा पाच. ह्या शेवटच्या कलमामुळं पहिल्या वर्षी बहुतेक सगळे खेळाडू वजातच राहिले. पैशाची पैज बिलकुल नाही, जिंकणाऱ्याला एक रिजेक्ट कास्टिंग चांदीचा रंग मारून. खेळाडू चिठ्ठ्या टाकून वाटायचे. आणि खरी ठिणगी पडली ती सातव्या नियमानं. आपल्या पेठेचे तीनपेक्षा जास्त खेळाडू निघाले तर वरचे परत चिठ्ठीत टाकायचे.

"मी त्या पेठंचं नाव माझ्या हातानं कागदावर लिवू?" बापू उसळला. "हात तोडून घीन!"

"लिवू नको," अण्णा म्हणाले. "शिरोळ लिवंल. त्येला पेठ न्हाई."

झाली माझी बढती. अक्षर चांगलं आणि पेठ नाही, एवढ्या दोन गुणांवर मी त्या सगळ्या कारभाराचा चिटणीस झालो. कँटीनमधला मार्कांचा फळा माझ्या ताब्यात आला. दर शनिवारी अण्णा सांगायचे, मी खडूनं लिहायचो. अण्णांनी आपल्या टीमचं नाव ठेवलं 'बिनपेठ तालीम मंडळ'. माझी पण टीम होती, 'कृष्णाकाठ'. तिचा बचाव इतका फुटका निघाला की सगळे तिला 'महापूर' म्हणायचे.

आणि बघता बघता नाद लागला. हात तोडायला निघालेला बापू फेब्रुवारीत काय करत होता सांगू? स्वतःच्या पेठेच्या गर्दीत, मध्यभागी बसलेला. त्याच्या कागदी टीममधला, म्हणजे पलीकडच्या पेठेचा फॉरवर्ड, बापूच्याच पेठेवर गोल मारतो. भोवती सगळे कपाळाला हात लावून बसलेले. बापूनंही लावला. तोंडावर असं दुःख की बघणाऱ्याला रडू यावं, आणि खाली चपलेत पायाचा अंगठा नाचतोय. मी शेजारीच होतो. म्हणाला, "कुणाला बोललास तर बघ."

अण्णांचा पेपरवर विश्वास नव्हता. पेपरात गोल तेवढे येतात, बाकीची मेहनत कोण छापणार? म्हणून ते प्रत्येक मॅचला स्वतः जायचे. स्टेडियममध्ये दोन पेठांचे लोक एकमेकांना भिडू नयेत म्हणून मधे पोलिसांसाठी एक पट्टा मोकळा सोडलेला असायचा. अण्णा त्या पट्ट्यात, हवालदारांच्या शेजारी, मांडीवर पॅड घेऊन. दोन्हीकडून फटाके, हलगी, ठेवणीतल्या शिव्या, आणि मधे हा माणूस पेन्सिलीनं रेघा मारतोय. सुरुवातीला दोन्ही पेठांना वाटायचं हा दुसऱ्या पेठेचा हेर आहे. दोन-तीन वर्षांनी हवालदारच त्यांची जागा धरून ठेवायला लागले.

मग खेळाडू यायला लागले. हे मात्र आमच्यापैकी कुणी धरलं नव्हतं. शेजारच्या शॉपनी टीमा काढल्या, बावीस टीमा झाल्या, फळा मोठा केला, इथवर ठीक. पण एका दुपारी पलीकडच्या पेठेचा गोलकीपर मोटरसायकलवरून थेट आमच्या गेटवर. वाटलं मारामारी. तो अण्णांच्या टेबलापाशी गेला आणि लहान पोरासारखा रुसून म्हणाला, "अण्णा, परवाचा एक बॉल तुमी मार्कात धरला न्हाईसा. मी अडिवला हुता."

अण्णांनी पॅड काढलं, पान उलटलं. "बॉल पोस्टला लागून तुज्याकडं आला. त्ये चार मार्क पोस्टचे."

तो पोरगा आधी बघत राहिला, मग खो खो हसला. वहिनींच्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊन गेला. अण्णांच्या पेठेची भाकरी, त्या पेठेच्या पोटात! पुढं तो नेहमीच यायचा. गावातली सगळी माणसं आपल्याला एक तर डोक्यावर घेतात नाही तर शिव्या देतात, ह्या माणसाकडंच काय ते नक्की कळतं, असं तो मला एकदा म्हणाला. मला वाटतं, अण्णांच्या आयुष्यातले तेच सगळ्यात चांगले दिवस. रोज संध्याकाळी शिट्टी वाजवत सायकल काढायचे. सुरात नसायची, पण वाजवायचे.

विजू हा अण्णांचा एकुलता मुलगा. अण्णांच्या पेठेच्या टीमचा फॉरवर्ड. चपळ, काळासावळा, बापासारखाच कमी बोलणारा. एकोणिसाव्या वर्षी टीममध्ये आला आणि त्याच वर्षी चिठ्ठीत अण्णांच्या टीमला निघाला. "चिठ्ठीत आला. मी मागितला न्हाई," हे अण्णांनी प्रत्येकाला धरून सांगितलं. दोन वर्षं गावात सगळ्यात जास्त मार्क विजूचे होते. अण्णांनी तोंडानं कधी कौतुक केलं नाही. पण एका मॅचला त्यानं तीन गोल मारले, त्या शनिवारी मी फळ्यावर आकडा लिहिला तर अण्णा मागून म्हणाले, "जरा मोठा काढ की. लांबनं दिसाय नको?" बस्स, एवढंच.

मग ते वर्ष आलं. विजू चोवीसचा, अजून बिनपेठ मंडळातच. मुंबईच्या एका कंपनीची फुटबॉल टीम होती, त्यांची माणसं कोल्हापुरात फायनल बघायला येणार आणि दोन पोरं नोकरीवर घेणार, अशी पक्की बातमी होती. कायमची नोकरी, राहायला खोली. विजूला दुसरं काही येत नव्हतं. दहावीच्या पुढं गाडी गेली नव्हती. लग्नाचं दोन ठिकाणी 'मुलगा काय करतो'वर अडलं होतं. त्या फायनलवर त्याचं सगळं होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनाही.

आमच्याकडं नियम होता. हंगामाच्या शेवटी शेवटी, फायनलच्या आधीच्या शनिवारी, प्रत्येकानं आपल्या टीमचा शेवटच्या चार मॅचमधला सगळ्यात कमी मार्कांचा खेळाडू सोडायचा आणि सोडल्याचं कारण फळ्यावर लिहायचं. त्या शनिवारी बिनपेठ मंडळात शेवटच्या चार मॅचचे सगळ्यात कमी मार्क विजूचे होते.

अण्णा नेहमीसारखे पॅड घेऊन आले. "लिव. विजू. सोडला."

मी खडू खाली केला. "अण्णा, ह्या शनिवारी राहू दे की. फायनल झाल्यावर सोडा."

"बाकीच्यास्नी सूट दिली व्हय आपण?"

"मग कारण तरी नको."

"कारण न लिवता?" ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना स्टोअरमधलं तांबं चोरायला सांगितलंय. "माझा पोरगा म्हणून त्येचा अपमान करू?"

मी लिहिलं. 'विजू. सोडला. कारण: उजवा गुडघा पुरता वाकत नाही, वळताना सगळा भार डाव्या पायावर.' माझं अक्षर सुरेख आहे हो. लांबून दिसतं. मला पेठ नव्हती, भीड नव्हती, नोकरी जाण्याची भीतीही नव्हती. खडू फेकून घरी जाता आलं असतं. गेलो नाही. आज इतक्या वर्षांनीही ती ओळ आठवली की मला माझ्या हाताचा राग येतो.

दोन महिने विजू मोज्याच्या आत पट्टी बांधून खेळत होता. आईला माहीत नव्हतं, कोचला माहीत नव्हतं, दोस्तांना नव्हतं. अण्णांना तरी कुणी सांगितलं होतं? त्यांनी पोलिसांच्या पट्ट्यात बसून जे दिसलं ते टिपलं, दुसऱ्या कुठल्याही पोराचं टिपलं असतं तसं. बातमी संध्याकाळपर्यंत पेठेत. कोचनं विजूला तालमीत बोलावलं आणि उकिडवा बस म्हणाला. विजूला बसता आलं नाही.

फायनलला तो पूर्ण वेळ बाकावर, ट्रॅकसूट घालून. पेठ हरली. मुंबईची माणसं दोघांना घेऊन गेली, त्यातला एक तो पलीकडच्या पेठेचा गोलकीपर. अण्णा शेवटपर्यंत पट्ट्यात बसून मार्क टिपत होते. मी शेजारी होतो. एकदाही त्यांनी बाकाकडं मान वळवली नाही.

मॅचनंतर मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. का गेलो कोण जाणे, एकट्याला सोडवेना. विजू दारातच उभा होता. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "तुमी मला घरात सांगायचं हुतं. जेवताना. मी भांडलो असतो, ताट फेकून दिलं असतं, पर घरात. तुमी सगळ्या गावाला वाचायला लावलंसा." आणि आत गेला.

अण्णा मला म्हणाले, "खोटं काय लिवलं मी?"

सोमवारी त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं फळा पुसला. "मंडळ बरखास्त." एवढंच बोलले. आम्ही त्यांच्याशिवाय एक वर्ष चालवून बघितलं. बापू मार्क द्यायला बसला आणि स्वतःच्या पेठेच्या पोरांना नुसतं पळाल्याबद्दल पाच पाच द्यायला लागला. भांडणं, बोलाचाली, एकदा तर कँटीनमध्ये कॉलर धरेपर्यंत गेलं. बावीसच्या सहा टीमा झाल्या, सहाच्या दोन, मग कुणी चिठ्ठ्याच टाकल्या नाहीत. फळ्यावर कँटीनवाला भाजीचं नाव लिहायला लागला.

पेठेत दोन्ही बोलणी झाली. काही म्हणाले, बाप असावा तर असा. काही म्हणाले, बापच म्हणू नये असल्याला. डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो बघितला आणि सांगितलं, आतला सांधा धरणारा दोर फाटलाय, अजून एक मॅच खेळला असता तर कायमचा लंगडला असता. म्हणजे अण्णांचं माप बरोबर होतं. तेच वाईट झालं. चुकले असते तर माफी मागता आली असती. बरोबर असलेला माणूस काय म्हणून माफी मागणार?

बापलेकाचं बोलणं बंद झालं ते सात वर्षं. एकाच घरात. वहिनी मला सांगायच्या, "ह्यो म्हनतोय, त्यास्नी सांग पानी आलंय. त्ये म्हनत्यात, त्येला सांग टाकी धू. दोघं एकाच खोलीत आनि मधी मी. मी काय टेलिफोन हाय?" सांगताना हसायच्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावायच्या. विजू वारणानगरच्या एका शाळेत पोरांना खेळ शिकवायला लागला, मानधनावर. रोज एसटीनं जायचा यायचा. लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला नाव काय ठेवायचं हेही अण्णांना वहिनींकडून कळलं.

शॉपमध्ये अण्णा तसेच होते, असं वरवर बघणारा म्हणेल. व्हर्निअर तेच, लाल डबा तोच. पण मी बघत होतो. जॉब चुकला की आता ते चिठ्ठी लिहायचे नाहीत. उठून त्या मशीनपर्यंत चालत जायचे, कामगाराला बाजूला घ्यायचे आणि कानाशी काहीतरी सांगायचे. गुडघेदुखी त्यांनाही लागली होती, तरी दिवसातून दहा खेपा. बापू म्हणायचा, अण्णा म्हातारे झाले. मी म्हणायचो, नाही रे, उशिरा शिकतायत. मला त्यांचा राग होता आणि त्यांची कीवही यायची, दोन्ही एकदमच.

ते रिटायर झाले त्या वर्षी पेठेनं जुन्या खेळाडूंची एक गमतीची मॅच ठेवली, रविवारी सकाळी, तालमीच्या मागच्या मैदानावर. विजू खेळणार हे मला कळलं. मी अण्णांना घरातून जवळजवळ ओढूनच नेलं. मैदानाच्या कडेला एक दगडी पायरी होती, तिथं बसलो. माझ्या लक्षात आलं की त्यांचे हात मोकळे आहेत. पॅड नाही, पेन्सिल नाही, हात कुठं ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं.

विजू पंधरा मिनिटं खेळला. जड झाला होता, पण बॉल पायाशी आला की अजून बघत राहावंसं वाटायचं. मग एक सरळ पास आला, समोर मोकळा गोल, आणि त्यानं बॉल बाहेर घालवला. पोरं हसली. दोन-चार ढांगा लंगडत तो कडेला आला. पाण्याची घागर नेमकी आमच्या पायरीशेजारी. पाणी प्याला, तोंड पुसलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा बापाकडं सरळ बघून बोलला.

"कागुद काढा की. आसा चान्स परत मिळायचा न्हाई."

म्हटलं, झालं, आता हा माणूस खरं बोलणार. त्यानं आयुष्यात दुसरं केलंय काय?

अण्णा उठले. पायरीवरची जागा हातानं झाडली.

"बस."

"कशाला?"

"बस म्हनतो न्हवं. गुडघा दाखव."

विजू उभाच राहिला. मैदानावरनं कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं तिकडं बघितलं नाही. मग हळूच, डावा पाय आधी टेकवत, तो पायरीवर बसला आणि मोजा खाली केला. अण्णा त्याच्यासमोर मातीत बसले. त्यांनाही गुडघे मोडायला त्रास झाला. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला व्हर्निअर लावणाऱ्या त्या माणसानं दोन्ही हातांत पोराचा गुडघा धरला आणि अंगठ्यानं दाबून बघितलं.

"हितं दुखतंय?"

विजूनं पाय जरा पुढं केला. मग म्हणाला,

"जरा वर."